दोन ते चार

पत्र पाऊण पानाचं होतं. ते लिहायला आम्हाला सहा आठवडे लागले.

शेजारच्या प्लॉटवर टॉवर उठतोय. तिथली जुनी तीन मजली इमारत गणपतीनंतर पाडली, भोवती निळे पत्रे लागले, आणि दिवाळीचे कंदील उतरवायच्या आत सकाळी साडेसातला ब्रेकर सुरू झाला. पार्ल्यात राहणाऱ्याला हा आवाज समजावून सांगायला नको, हल्ली दर दोन गल्ल्यांआड एक वाजत असतो. पण आमच्या शेजारी खाली कातळ लागला. कातळ फोडायला लागले की आवाज कानात शिरत नाही. तो आधी तळपायाला कळतो, मग मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यांना, मग दाढांना. पहिल्या दिवशी देवघरातली टांगलेली घंटा आपली आपणच किणकिणायला लागली. आई आतल्या खोलीत पडून असते, वय ८४. तिने विचारलं, "आरती कोण करतंय रे आत्ता?"

कंपाउंडच्या भिंतीला तडा गेला तेव्हा सोसायटीची तातडीची सभा बोलावली. जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांसमोर, घराघरांतून आणलेल्या खुर्च्या टाकून. २२ बिऱ्हाडांपैकी १७ जण आले. एरवी वार्षिक सभेला कोरम जमवताना सेक्रेटरींची दमछाक होते. सगळे तापलेले होते. बिल्डरला कडक पत्र द्यायचं आणि त्याची प्रत वॉर्ड ऑफिसात इनवर्ड करून घ्यायची, हे पाच मिनिटांत एकमताने ठरलं. 'कडक' हा शब्द सेक्रेटरींनी तीनदा वापरला. पत्र मी लिहायचं हेही एकमताने ठरलं, कारण मी पेपरात होतो.

पहिला खर्डा त्याच रात्री झाला. सोसायटी तीव्र निषेध करते. काम नऊच्या आधी नको, सहानंतर नको. दुपारी दोन ते चार यंत्रं पूर्ण बंद. भिंत बिल्डरने स्वखर्चाने बांधून द्यावी. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण बेल वाजवायला लागला. तिसऱ्या मजल्यावरचे सीए म्हणाले, "अहो, निषेध कशाला? वर्षा-दोन वर्षांत आपल्यालाही रीडेव्हलपमेंटला जायचंय. हाच बिल्डर कॉर्पसचे पैसे बरे देतो म्हणतात." तळमजल्यावरच्या काकांना भिंतीचा उल्लेखच नको होता. त्यांनी मागच्या बाजूला त्याच भिंतीला टेकवून पत्र्याची शेड काढलीय, आणि वॉर्ड ऑफिसचा माणूस भिंत बघायला आला तर भिंतीच्या आधी शेड बघेल. आणखी एकांच्या भाच्याचा खडी-रेतीचा धंदा. त्यांना नऊ आणि सहाच्या आधी 'शक्यतो' हवं होतं. पत्राच्या विरोधात कुणीच नव्हतं. प्रत्येकाला फक्त एकेक शब्द काढायचा होता. दोन ते चारची ओळही गेली. सहाव्या आठवड्यात उरलं ते असं: सदर बांधकामामुळे सभासदांस होणाऱ्या गैरसोयीबद्दल सोसायटी तीव्र चिंता व्यक्त करीत असून, आपण याबाबत योग्य ती दक्षता घ्याल अशी अपेक्षा बाळगते.

सेक्रेटरींनी ते लेटरहेडवर छापून, गोल शिक्का मारून माझ्यापुढे धरलं आणि मला हसू आलं. हे वाक्य मी चौतीस वर्षं लिहीत होतो.

आंतरराष्ट्रीय पानावर उपसंपादक होतो मी. रात्रपाळीत एजन्सीच्या तारा यायच्या, इंग्रजीतून मराठीत आणायच्या, रकान्यात बसवायच्या, आणि शेवटच्या लोकलला पळायचं. त्या तारांत देश बोलायचे ते वेगळं आणि देशांचे गट बोलायचे ते वेगळं. देश धमकी द्यायचा, शिवी द्यायचा, कधी चक्क खरं बोलायचा. गट मात्र चिंता व्यक्त करायचा. आमच्या चीफ सबनी, म्हणजे मुख्य उपसंपादकांनी, मला पहिल्याच महिन्यात ही श्रेणी शिकवली. नुसती चिंता म्हणजे त्यांनी बातमी वाचली. तीव्र चिंता म्हणजे त्यांची बैठक झाली. गंभीर चिंता म्हणजे बैठक झाली आणि जमलं नाही. हे ते पानाची तंबाखू गालात धरून इतक्या गंभीरपणे सांगायचे की मी वहीत उतरवून घेतलं होतं.

साल १९९१. युगोस्लाव्हिया फुटत होता आणि युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपियन युनियनच्या आधीच्या रूपात, तेव्हा बारा देश होते. अध्यक्षपदाची पाळी लक्झेंबर्गची होती, आणि त्या चिमुकल्या देशाचे परराष्ट्रमंत्री जाक पूस म्हणाले होते की ही युरोपची घटिका आहे, अमेरिकेची नव्हे. मी चोविशीतला, नवा. मला ते वाक्य फार आवडलं. 'युरोपची घटिका' असा मथळा दिला, आणि चीफ सबनी तो न बदलता जाऊ दिला ह्याचाच आनंद आठवडाभर पुरला. पुढे काय झालं ते मीच पानावर लावत गेलो. क्रोएशिया आणि स्लोव्हेनियाला मान्यता द्यायची की थांबायचं, ह्यावर बारांचं जुळेना. डिसेंबरात जर्मनीने आपलं जाहीर करून टाकलं आणि जानेवारी १९९२ मध्ये बाकीचे मागोमाग गेले. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात, ७ फेब्रुवारीला, मास्ट्रिक्टला करार झाला ज्यात पहिल्यांदा 'सामायिक परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण' असे शब्द आले. घराला तडा गेल्यावर वास्तुशांत, असं आमचा प्रूफरीडर म्हणाला. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले, आणि तह शेवटी झाला तो नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटनच्या हवाई दलाच्या तळावर. त्या रात्री मी कपाटातून १९९१ चं ते पान काढून पाहिलं. कागद पिवळा पडला होता. मथळा मात्र अजून ठळक होता.

म्हणजे गटांना एका आवाजात बोलता येतच नाही, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. तिशीच्या आत माणूस बऱ्याच गोष्टी ठरवून टाकतो.

पण मग हापूसचं काय? १ मे २०१४, म्हणजे नेमक्या महाराष्ट्रदिनी, युरोपियन युनियनने भारतीय आंब्यावर बंदी घातली. सोबत वांगी, कारली, अळू आणि पडवळ. पेट्यांत फळमाश्या सापडल्या होत्या. वाशीच्या मार्केटमध्ये ऐन हंगामात गवताच्या पेट्यांची थप्पी लागलेली, आणि ब्रसेल्सच्या कुठल्याशा समितीने हात वर करून अठ्ठावीस देशांची दारं एका दिवसात लावून घेतली. (पडवळावर बंदी आली ह्याचं मला लहानपणापासूनच्या कारणांमुळे दुःख झालं नाही. पण अळू? अळूवडीचं त्यांनी काय बिघडवलं होतं, किंवा तिने त्यांचं?) ब्रिटनमधून ओरडा झाला, सगळ्यात जास्त हापूस तेच खात होते; तरी त्यांना एकट्याला आपलं दार उघडता आलं नाही. लंडनमधून नाही तर लिस्बनमधून, असंही करता येत नव्हतं. व्यापाराच्या बाबतीत त्या घराला दार एकच, आणि किल्ली सगळ्यांची मिळून. मग आपल्याकडे उष्णजलाची, वाफेची प्रक्रिया आली, तपासणी कडक झाली, आणि पुढच्या वर्षी जानेवारीत आंब्याला परवानगी मिळाली. कणखर धोरण, स्पष्ट अट, अट पुरी झाल्यावर दार उघडणं: जे बोस्नियात दिसलं नाही ते फळमाशीच्या बाबतीत अगदी शिस्तीत दिसलं. त्या रात्री मी बातमी लावताना चीफ सबची आठवण काढली. ह्या तारेत 'चिंता' हा शब्दच नव्हता.

तिथे व्यापारात बहुमताने चालतं: पंचावन्न टक्के देश, म्हणजे आजच्या सत्तावीसपैकी पंधरा, आणि त्यांच्यात मिळून पासष्ट टक्के लोकसंख्या. परराष्ट्र धोरणात मात्र मुख्य निर्णयाला सगळ्यांचा होकार लागतो. आमच्या सोसायटीसारखंच हे उलटसुलट आहे. पुनर्विकासाला आता ५१ टक्के सभासद पुरतात; म्हणजे बहुमताने माझं राहतं घर पाडता येतं, पण पत्रातला 'निषेध' एकट्या सीएंनी पाडला. म्हणून जाणकार सांगतात, नकाराधिकार काढा म्हणजे सुटलं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. ५१ टक्क्यांचे कागद घरात येऊन पडल्यापासून जरा कमी वाटतं. माल्टा किंवा सायप्रससारखा छोटा देश होऊन बघायला पाहिजे.

सायप्रसवरून आठवलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये बेलारूसमध्ये निवडणूक झाली, लोक रस्त्यावर आले, लाठ्या चालल्या. निर्बंध घालायचे ह्यावर युरोपात मतभेद नव्हता. सायप्रसने अडवून धरलं. बेलारूसशी त्यांचं काहीच वाकडं नव्हतं. त्यांना तुर्कस्तानाविरुद्ध काही करून हवं होतं, समुद्रातल्या गॅसवरून. ऑक्टोबर उजाडला. त्या वेळी मी वैतागून बातमी दोन कॉलमांची एक कॉलम केली होती. आता तळमजल्यावरचे काका डोळ्यांपुढे येतात. भिंतीशी त्यांचं तरी कुठे भांडण होतं?

ह्या एकमतातून मार्ग काढायच्या युक्त्याही ओळखीच्याच. १४ डिसेंबर २०२३ ला युक्रेनशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करायचा ठराव होता आणि हंगेरीचे व्हिक्टर ओर्बान अडून बसले होते. जर्मनीचे शोल्झ त्यांना म्हणाले, बाहेर जाऊन कॉफी घेऊन या. ते उठून गेले, उरलेल्या सव्वीसांनी ठराव केला. आमच्याकडे हेच काम लघुशंका करते. विरोध नोंदवायचा नाही आणि होकारही द्यायचा नाही असा माणूस नेमका मतदानाच्या वेळी उठतो. ओर्बान परत आले आणि त्याच रात्री युक्रेनच्या पन्नास अब्ज युरोंना त्यांनी नाही म्हटलं. ते पैसे फेब्रुवारीत सुटले. त्याच्या आधी, २०२२ मध्ये, रशियाच्या तेलावर बंदी आली तेव्हा पाइपलाइनमधून येणारं तेल हंगेरीसाठी वगळलं होतं आणि निर्बंधांच्या यादीतून रशियन धर्मगुरू किरिल ह्यांचं नाव त्यांनीच काढायला लावलं होतं. एकेक शब्द. तरीही, हे मान्य करायला हवं, २०२२ नंतर डझनाहून अधिक वेळा त्या सगळ्यांनी मिळून निर्बंध घातले, दर सहा महिन्यांनी नूतनीकरण केलं, आणि दर वेळी मोडेल मोडेल म्हणता मोडलं नाही. भोकं पडलेली चाळणी म्हणा. पण चाळणीला चाळणीचं काम असतंच की. दक्षिण आशियातल्या देशांच्या आपल्या सार्ककडे पाहिलं तर तेवढंही दिसत नाही. १९८५ ची सनद सांगते की निर्णय एकमताने आणि दोन देशांतले वादाचे विषय काढायचेच नाहीत. जावा-जावांनी शेगडी सोडून बाकी सगळ्यावर बोलावं तसं. शेवटची शिखर परिषद काठमांडूला झाली, २०१४ मध्ये.

ह्या सगळ्यात एक रात्र मात्र डोक्यातून जात नाही. २६ ऑक्टोबर २०२३. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ब्रसेल्समध्ये सत्तावीस नेते गाझाबद्दल एक परिच्छेद लिहीत बसले होते आणि त्यांचा वाद एका अक्षरावर आला होता. मदत आत जावी म्हणून लढाईत 'पॉझ' म्हणायचं की 'पॉझेस'? एकवचन काहींना युद्धबंदीसारखं वाटत होतं. अनेकवचन म्हणजे थोडं थांबा, पुन्हा सुरू करा, पुन्हा थांबा. शेवटी अनेकवचन राहिलं. तार माझ्यासमोर आली तेव्हा मुंबईत मध्यरात्र उलटून गेली होती. मी लिहिलं: मानवतावादी विराम. आणि थांबलो. विरामाचं अनेकवचन विरामच. एवढ्या मोठ्या लोकांनी ज्या 'स'साठी तासन्‌तास घातले, तो मराठीत येता येता पुसून गेला. 'विराम घ्यावेत' असं क्रियापद फिरवून ते दाखवता आलं असतं, पण ते कानाला इतकं विचित्र लागलं की मी 'घ्यावा' केलं आणि पान सोडलं. दुसऱ्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धविरामाच्या ठरावावर मतदान झालं. त्याच सत्तावीसांपैकी आठ बाजूने, चार विरोधात, पंधरा तटस्थ. रात्री एका अक्षरावर एकमत केलेली माणसं दिवसा तीन खोल्यांत जाऊन बसली.

तीन खोल्या म्हटलं की मला आमचं गिरगावातलं बिऱ्हाड आठवतं. आजोबांचं आणि त्यांच्या ठाकूरद्वारच्या चुलतभावाचं पागडीच्या एका खोलीवरून बिनसलं होतं. घरात फर्मान निघालं: त्यांच्याकडे कुणी जायचं नाही, त्यांच्याकडचं पाणीही प्यायचं नाही. आजोबा, तीन काका, बाबा, सगळ्यांचं एकच धोरण, आणि ते जाहीर. मी आठ-नऊ वर्षांचा. आजी मला दही आणायला पाठवायची आणि पिशवीत तळाशी, जुन्या मांजरपाटात गुंडाळून, लिंबाच्या लोणच्याची बरणी असायची. ती ठाकूरद्वारला मागच्या जिन्याने द्यायची. येताना त्याच बरणीतून कधी शेवया यायच्या, कधी मेतकूट. माझ्या आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची वकिलात. मला वाटायचं कुणालाच माहीत नाही. एकदा जेवताना आजोबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोकांच्या बरण्या धुऊन परत कराव्यात. ठेवून घेऊ नयेत." पुढे त्या चुलतभावाला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा हॉस्पिटलात सगळ्यात आधी आजोबा पोचले, आणि अकरा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली दोन घरं जणू काल भेटल्यासारखी बोलायला लागली. फर्मानाने ते झालं नव्हतं. मागच्या जिन्याने झालं होतं.

म्हणून मागचं दार वाईटच, असं मला म्हणवत नाही. पण जिन्यावर कोण उभं आहे ते बघावं लागतं. वसई लोकल पकडली की मला दर वेळी तो तह आठवतो, ३१ डिसेंबर १८०२ चा. आपण शाळेत तो दुसऱ्या बाजीरावाच्या भित्रेपणाचा धडा म्हणून शिकलो. पण त्याच्या फक्त सात वर्षं आधी खर्ड्याला शिंदे, होळकर, भोसले पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र उभे होते आणि निजाम शरण आला होता. एक झेंडा होता, एक दरबारही होता. पण प्रत्येक सरदाराचा आपला वकील, आपली फौज, आपला हिशेब. ईस्ट इंडिया कंपनीने दरबाराशी कधी एकरकमी बोलणं केलंच नाही. ती दारोदार गेली. गायकवाड आधीच वेगळे बोलले. यशवंतराव होळकरांनी दिवाळीत हडपसरला हरवल्यावर बाजीराव वसईला येऊन आपल्यापुरतं बोलला; इतर कुणाशीही कंपनीला विचारल्याशिवाय बोलणी करायची नाहीत, हे त्याने लिहून दिलं. पुढच्या वर्षी शिंदे आणि भोसले कंपनीशी लढले तेव्हा होळकर बाजूला थांबले. डिसेंबर १८०३ मध्ये तेरा दिवसांच्या अंतराने दोघांनी दोन वेगळे तह केले, एक देवगावला, एक सुर्जी अंजनगावला. मग १८०४ मध्ये होळकर लढले. एकटे.

चीनने पिरीयस बंदर घेतलं तेही असंच, एका दाराने. २०१६ मध्ये त्यांच्या सरकारी कंपनीने त्या ग्रीक बंदरातला मोठा हिस्सा विकत घेतला. कर्जात बुडालेल्या ग्रीसला पैसे हवे होते, आणि तेव्हा घरातले बाकीचे तर वसुलीला बसले होते. पुढच्या वर्षी जिनिव्हात मानवी हक्क परिषदेत युरोपने चीनबद्दल निवेदन द्यायचं होतं. ग्रीसने अडवलं. निवेदन झालंच नाही. रागावून 'फितुरी' म्हणणं सोपं आहे, आणि मी तेव्हा बातमीच्या चौकटीत जवळपास तसंच लिहिलंही होतं. पण घरातला एक भाऊ बुडत असताना बाकीच्यांनी व्याज मोजलं, तर पुढच्या सभेत त्याने हात वर करावा ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? एकमताचा नियम हा फार पुढचा मुद्दा झाला. ज्याच्या घरी त्रास झाला त्याच्याकडे तेव्हा कोण आलं, हा आधीचा.

आमच्याकडे बिल्डरचा माणूस आला होता.

हे मी सोसायटीत कुणाला सांगितलेलं नाही. पत्राचा दुसरा आठवडा असेल. साइटवरचा तरुण इंजिनिअर, डोक्यावरचं हेल्मेट काखेत धरून, बूट बाहेर काढून आत आला. मिठाईचा डबा वगैरे काही नाही. तसं असतं तर मी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. त्याने आईच्या खोलीच्या दारात उभं राहून पाहिलं. आईचे डोळे मिटलेले, आणि ब्रेकरच्या प्रत्येक ठोक्याला पापणी हलत होती. तो म्हणाला, "आजींना त्रास होतोय, सर. माझीही आजी आहे गावी. दुपारी दोन ते चार ह्या बाजूचा ब्रेकर मी बंद ठेवतो. शब्द देतो. फक्त ते पत्रात टाइमिंगचं लिहू नका, ऑफिसात मला जड जातं." मी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर खर्डा उघडला आणि दोन ते चारची ओळ काढून टाकली. सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा म्हणालो, "व्यवहार्य नाही ते." पेपरात हा शब्द मी पुष्कळ मंत्र्यांच्या तोंडी घातला होता, स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच आला. मुलाने शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून दोनच्या ठोक्याला आमच्या खिडकीखालचा आवाज थांबतो, आणि त्या शांततेत आई घोरते तेव्हा, खरं सांगतो, मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती चार वाजून गेल्यावर.

कारण ब्रेकर बंद होत नाही. तो बी विंगच्या बाजूला जातो.

परवा दुपारी अडीचला बेल वाजली. बी विंगमधल्या सिस्टरबाई. एका हॉस्पिटलात कायम रात्रपाळी करतात, जिन्यात भेटल्या तरी डोळे अर्धे मिटलेले. हातात मुलीच्या वहीचा फाडलेला, रेघांचा कागद. "काका, कमिटीच्या पत्राने काही झालं नाही ना. मी दुसरं लिहिलंय. फक्त एकच मागणी ठेवलीय. तुम्ही आधी सही केलीत तर बाकीचे करतील." मी कागद घेतला. ठसठशीत शालेय अक्षर. दुपारी दोन ते चार यंत्र पूर्ण बंद ठेवावे. माझीच ओळ, शब्द न्‌ शब्द. फक्त माझ्या खर्ड्यात 'यंत्रं' होतं. तिच्याकडे एकच यंत्र होतं.

"सकाळी साडेआठला घरी येते," ती सांगत होती. "स्वयंपाक, धुणं, मुलीचं आवरून पडायला दोन वाजतात. आणि बरोब्बर दोनला आमच्या खिडकीखाली सुरू होतं बघा. असं वाटतं माझीच वाट बघत असतो." मग इकडेतिकडे पाहून म्हणाली, "तुमच्याकडे किती शांत आहे हो."

मी चष्मा आणतो म्हणून उठलो. चष्मा शर्टाच्या खिशातच होता. आत जाऊन आईचं पांघरूण सारखं केलं, जे सारखंच होतं. स्वयंपाकघरात पाणी प्यायलो. पेन शोधण्यात आणखी काही मिनिटं काढली. बाहेर आलो तर सिस्टरबाई खुर्चीतच झोपल्या होत्या. मान कॅलेंडरच्या खाली भिंतीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, एक चप्पल पायातून सुटलेली. कागद मांडीवर होता, वरची कड पंख्याने हलत होती. आतून आईचं घोरणं आणि बाहेरून हिचा श्वास, दोन वेगळ्या लयींत. लांब, बी विंगपलीकडे, ब्रेकर चालला होता, भिंतीतून येऊन येऊन मुरलेला.

कागद काढून घ्यावा, सही करावी आणि परत ठेवावा, असं दोनदा मनात आलं. तिला जाग येईल म्हणून नाही केलं. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. घड्याळाकडे बघत बसलो. साडेतीन. पावणेचार. चारला तीन मिनिटं कमी असताना तिकडचा आवाज थांबला. यंत्र इकडे सरकवत असणार. मी उठलो, आवाज न करता देवघराशी गेलो आणि टांगलेली घंटा मुठीत धरून उभा राहिलो.